सेरेब्रल पाल्सीच्या उपचारकांचें शिक्षण : एक साधनविचार

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें १९३८ सालीं काश्यपसंहिता छापून काढली, तेव्हां आयुर्वेदाच्या कौमारभृत्य या अंगाचा, जवळजवळ लुप्त म्हणून सोडून दिलेला ग्रंथ, खंडित स्वरूपांत कां होईना, विद्वानांच्या हातीं आला. नेपाळांतील ताडपत्री पोथीवरून ही आवृत्ति सिद्ध झाली असून नेपाळचे राजगुरु पंडित हेमराज शर्मा यांनीं तिला जोडलेला विस्तृत संस्कृत उपोद्घात आजहि अभ्यासनीय आहे. ग्रंथाचा काल, त्याचे संस्कर्ते व त्याचें चरकसुश्रुतांशीं नातें, या प्रश्नांकडे संशोधकांचें लक्ष लागलें, तें योग्यच झालें. आम्हांस मात्र त्यांतील एका लहानशा प्रकरणानें फार दिवस अडवून धरिलें आहे. तें प्रकरण फक्करोगाचें. वर्षाचें होऊनहि जें मूल पायांनीं चालत नाहीं त्यास फक्क म्हणावें, असें सांगून ग्रंथकारानें त्याचे क्षीरज, गर्भज व व्याधिज असे तीन प्रकार केले आहेत. औषधें सांगितलीं आहेत. आणि शिल्प्याकडून तीन चाकांचा एक लहान रथ करवून त्याच्या आधारानें मुलाकडून हळूहळू चालण्याचा अभ्यास करवावा, असेंहि म्हटलें आहे.

फक्क म्हणजेच आजच्या वैद्यकांतील सेरेब्रल पाल्सी, असें समीकरण कोणी मांडल्यास आम्हांस तें मान्य होणार नाहीं. क्षीरज फक्क दूषित दुधामुळें व गर्भज फक्क आई पुनः गर्भवती होऊन तिचें दूध तुटल्यामुळें होतो, असें ग्रंथकारच सांगतो. तेव्हां यांतील बराच भाग कुपोषणाचा आहे हें उघड आहे. व्याधिज प्रकारांत कांहीं सेरेब्रल पाल्सीचीं मुलें मोडत असतील, यापुढें जातां येत नाहीं. आमचें कुतूहल निराळें आहे. त्या रथाशीं मुलास उभें कोणी करावयाचें, त्याला कमरेशीं धरावयाचें कीं खांद्याशीं, किती धरावयाचें आणि केव्हां सोडावयाचें, हें त्या विधानांत नाहीं. ग्रंथकारास तें ठाऊक नसेल असें नव्हे. जें हातानें दाखवावयाचें तें लिहिण्याची त्यास गरज वाटली नसावी. रथ तेवढा ग्रंथांत आला, हात बाहेर राहिला.

हीच गोष्ट विसाव्या शतकांत, छापखाना, छायाचित्र व चलच्चित्र हाताशीं असतां, युरोपांत पुन्हां घडली. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांस बसावयास, उभें राहावयास, घास तोंडापर्यंत न्यावयास शिकविणाऱ्या उपचारकांची एक मोठी परंपरा तेथें निर्माण झाली, जगभर पसरली व मुंबईसहि आली. त्या परंपरेचे ग्रंथ आहेत, तारखा आहेत, वादहि आहेत; पण तिचा गाभा गुरूच्या हातांतून शिष्याच्या हातांत गेला. प्रस्तुत लेखांत त्या परंपरेच्या साधनांची छाननी करण्याचा विचार आहे. वाचकांस हा विषय आडवाटेचा वाटण्याचा संभव आहे. तथापि बखर आणि अस्सल पत्र, मूळ पाठ आणि प्रक्षेप, गुरुमुखांतील विद्या आणि पोथींतील विद्या, हे जे आपले नित्याचे प्रश्न तेच येथें उभे राहतात. इतकेंच कीं, येथें निवाडा चुकला तर त्याचें मोल एखाद्या सनावळीस नव्हे, लहान मुलाच्या आयुष्यांतील वर्षांस द्यावें लागतें.

रोगाचें स्वरूप थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. जन्मापूर्वीं, जन्मतां किंवा जन्मानंतर लवकरच वाढत्या मेंदूस इजा होते. ती इजा पुढें वाढत नाहीं. परंतु मूल वाढत असल्यानें तिचे परिणाम बदलत जातात. कोणाचे स्नायु ताठ राहून पाय कात्रीप्रमाणें एकमेकांवर येतात, कोणाचे हातपाय इच्छेविरुद्ध वळवळतात, कोणाचा तोल सुटतो. बुद्धि पुष्कळदां शाबूत असते, पण वाचा अडखळल्यामुळें ती ओळखली जात नाहीं. मराठींत यास 'मेंदूचा पक्षाघात' म्हणतात. आम्ही पुढें सेरेब्रल पाल्सी हेंच रूढ नांव वापरतों.

इंग्लंडांत या विकाराचें पहिलें पद्धतशीर वर्णन विल्यम जॉन लिट्ल (१८१०–१८९४) या वैद्यानें केलें. तो स्वतः लहानपणच्या दुखण्यामुळें एका पायानें अधू होता. १८३६ सालीं हानोव्हर येथें जाऊन त्यानें स्ट्रोमेयर या शस्त्रवैद्याकडून आपल्या पायाची कंडरा कापवून घेतली, व बरा होऊन तीच शस्त्रक्रिया शिकून तो परतला. १८६१ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या प्रसूतिशास्त्रविषयक मंडळापुढें त्यानें वाचलेला निबंध पुढील वर्षीं छापला गेला. त्यांत अवघड बाळंतपण, अकालीं जन्म व जन्मतां श्वास कोंडणें यांचा संबंध त्यानें अशा मुलांच्या ताठरपणाशीं जोडला. गमतीची गोष्ट ही कीं, दाखला म्हणून त्यानें शेक्सपियरच्या तिसऱ्या रिचर्डासहि साक्षीस आणिलें. नाटकांतील राजाचा पुरावा आमच्या वाचकांपैकीं कोणी मान्य करील असें वाटत नाहीं. १८९७ सालीं व्हिएन्नाच्या फ्रॉइडनें, पुढें मनोविश्लेषणामुळें जो विख्यात झाला त्यानेंच, उलट शंका काढली कीं, अवघड बाळंतपण हें पुष्कळदां कारण नसून गर्भांतच झालेल्या बिघाडाचें लक्षण असावें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील मोठ्या पाहण्यांनीं ही शंका बहुतांशीं रास्त ठरविली.

असो. लिट्ल काय, फ्रॉइड काय, यांच्या लिखाणांत रोग आहे, रोगी आहे, कारणमीमांसा आहे. मुलाला रोज हातीं धरणारा माणूस जवळजवळ नाहीं. तो ठळकपणें दिसूं लागतो तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकांत. अमेरिकेंत बॉल्टिमोर येथें विन्थ्रॉप फेल्प्स या अस्थिवैद्यानें १९३७ सालीं अशा मुलांकरितां स्वतंत्र संस्था काढली. एकेक स्नायु वेगळा घेऊन त्यास वळण लावणें व आधारपट्ट्या बांधणें असा त्याचा मार्ग होता. परंतु उपचारकांच्या शिक्षणाची जी परंपरा सर्वांत दूरवर गेली ती लंडनच्या बोबाथ दांपत्याची, आणि तिचाच विचार येथें विस्तारानें करावयाचा आहे.

बर्टाबाई (जन्म १९०७) मूळच्या बर्लिनच्या. तेथील आना हेर्मान यांच्या शाळेंत त्यांनीं शारीरिक शिक्षण घेतलें होतें. शरीर हालतांना पाहावयाचें कसें व हातानें जोखावयाचें कसें, हें त्यांस वैद्यकापूर्वींच अवगत झालें होतें. कारेल बोबाथ (जन्म १९०६) हे वैद्यकाचे पदवीधर. नाझी राजवटीमुळें दोघांनाहि देश सोडावा लागला. बर्टाबाई १९३८ त व कारेल १९३९ त लंडनला आले, आणि १९४१ त तेथें त्यांचा विवाह झाला. पुढें पन्नास वर्षें दोघांनीं एकत्र काम केलें व २० जानेवारी १९९१ या एकाच दिवशीं दोघांचाहि देहान्त झाला.

या परंपरेची आदिकथा अशी आहे. सायमन एल्विस नांवाच्या नामांकित चित्रकारास पक्षाघात होऊन त्याचें उजवें अंग गेलें. ताठलेला स्नायु ताठच राहावयाचा, तेव्हां शाबूत अंगास दुसऱ्याचें काम शिकवावें, अशी त्या काळची समजूत होती. बर्टाबाईंनीं ताठलेल्या हातासच हात घातला. अवयव विशिष्ट स्थितींत हळूहळू आणला असतां ताठरपणा उतरतो, असें त्यांच्या हातांस जाणवलें. व तेवढ्या एका जाणिवेवरून पुढचा सर्व विचार वाढला. या प्रसंगाचें साल परंपरेंत १९४३ सांगतात. एल्विस यांच्या चरित्रांत मात्र पक्षाघाताचें साल १९४५ दिलेलें आढळतें. दोन्ही सालें खरीं असणें शक्य नाहीं. शिष्यवर्गांत सांगोवांगीं चालत आलेली मिति एकीकडे, आणि युद्धकालांतील नेमणुका व दीर्घ रुग्णालयवास यांच्या क्रमांत बसणारी मिति दुसरीकडे, असा विरोध आला असतां बखरी व पत्रें यांचा निवाडा आपण ज्या नियमानें करतों त्याच नियमानें आम्ही १९४५ हें ग्राह्य धरतों. दुसरें असें कीं, एल्विस पुढें पुन्हां चित्रें काढूं लागले तीं डाव्या हातानें. बर्टाबाईंचें निरीक्षण त्यामुळें खोटें ठरत नाहीं. परंतु ताठरपणा उतरणें ही एक गोष्ट व हातानें काम होणें ही दुसरी, हा जो भेद परंपरेस पुढें फार महाग पडला, तो तिच्या आदिकथेंतच होता व कोणाच्या लक्षांत आला नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आणखी एका कालक्रमाकडे लक्ष वेधतों. बर्टाबाईंचा पहिला महत्त्वाचा लेख १९४८ चा. इंग्लंडांत फिजिओथेरपिस्ट म्हणून त्यांस अधिकृत मान्यता मिळाली ती १९५० त. व दांपत्याचें स्वतःचें केंद्र निघालें १९५१ त. म्हणजे विद्या आधीं, लेख मग, प्रमाणपत्र त्याहि मागून. ज्या धंद्यांतील लोक पुढें त्यांच्याकडे शिकावयास येणार होते, त्या धंद्याचा शिक्का त्यांस अगदीं शेवटीं मिळाला. याचा परिणाम शिक्षणाच्या रीतीवर झाल्यावांचून राहिला नसेल.

ही रीत कशी होती? आधींच शिकून बाहेर पडलेले फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचारक, वाचोपचारक व डॉक्टर या वर्गांस येत. पुढें मूळ अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा ठरला. व्याख्यानें होत, पण खरा वर्ग जमिनीवरच्या सतरंजीवर भरे. शिक्षक सर्वांदेखत एखाद्या मुलास घेऊन बसत. मागें ताठून धनुष्यासारखें वांकणारें मूल सरळ पाठीवरून उचलूं नये. तें अधिकच ताठतें. त्यास कुशीवर वळवून, गुडघे व कंबर दुमडून, खांदे पुढें आणून मग उचलावें. पाय कात्रीसारखे आंवळणाऱ्या मुलाचे घोटे ओढून फांकवूं नयेत. मांडीच्या वर, कमरेपासून वळवावें, म्हणजे पाय आपोआप सुटतात. डोकें, खांदे, कंबर या जागांना 'नियंत्रणाचे बिंदु' म्हणत. तेथें हात ठेवून दूरच्या अवयवाची हालचाल सुधारावयाची. विद्यार्थी प्रथम एकमेकांवर हात बसवीत, मग शिक्षकाच्या देखरेखीखालीं मुलावर. हात फार जोराचा झाला कीं मुलाचें अंग प्रतिकार करतें, फार सैल झाला कीं मूल पडतें. यामधली जी जागा ती वहींत लिहितां येत नाहीं. शिक्षक शिष्याच्या हातावर हात ठेवून ती दाखवीत. ज्यांनीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. पाणिनीचीं सूत्रें धडाधड म्हणणारा विद्यार्थी रूपसिद्धीची वेळ आली कीं फळ्यापुढें गप्प उभा राहतो, हें आम्हीं किती वेळां पाहिलें याची गणती नाहीं.

परंतु हाताबरोबर एक उपपत्तिहि शिकविली जाई, आणि येथून पाठभेदांचा प्रश्न सुरू होतो. शेरिंग्टन व मॅग्नस यांनीं प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांतून शरीरस्थितीच्या प्रतिक्षिप्त क्रियांचें जें ज्ञान झालें होतें, त्याच्या आधारें बोबाथांनीं प्रथम असें मांडलें कीं, मेंदूच्या वरच्या भागाचा दाब गेल्यानें खालच्या प्रतिक्षिप्त क्रिया मोकाट सुटतात. त्यांना आवर घालणाऱ्या स्थितींत मुलास ठेवावें. या पहिल्या पाठांत मुलास त्या स्थितींत स्थिर धरून ठेवीत. ताठरपणा उतरे, पण मूल उठलें कीं पूर्वस्थिति येई. त्या स्थितींत मुलाला हालतांच येत नव्हतें. मग दुसरा पाठ आला: स्थिति नव्हे, हालचालींचे आकृतिबंध, तोल सांवरण्याच्या व मान उचलण्याच्या स्वाभाविक प्रतिक्रिया उपचारकानें जागृत कराव्या. यांत सर्व काम उपचारकाचा हात करी, आणि मुलानें स्वतः कांहीं करावयाचें उरत नसे. मग तिसरा: निरोगी बालक ज्या क्रमानें वळतें, बसतें, रांगतें, त्याच क्रमानें या मुलांस न्यावें. पुढें दिसलें कीं निरोगी मुलेंहि तो क्रम काटेकोरपणें पाळीत नाहींत, आणि रांगणें साधेपर्यंत बसणें व हातानें खाणें थांबवून धरण्यांत मुलाचीं वर्षें जातात. शेवटच्या पाठांत जेवणें, कपडे घालणें, बसून खेळणें अशा प्रत्यक्ष कामांकडे उपचार वळविला गेला.

हे पाठभेद आम्हीं शोधून काढले असें नाहीं. १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रकरणांत, सत्तरी ओलांडलेल्या या दांपत्यानें आपल्या पद्धतीचा इतिहास सांगतांना आपण कोठें कोठें चुकलों हें स्वतःच नमूद केलें आहे. आद्य आचार्यानेंच आपल्या ग्रंथाचे प्रक्षेप व त्याज्य पाठ दाखवून द्यावे, असें उदाहरण आम्हांस आपल्या शास्त्रांच्या इतिहासांत सहसा आढळत नाहीं. पण झालें असें कीं, १९५० च्या दशकांत शिकून गेलेला शिष्य आपल्या देशांत पहिला पाठ शिकवीत राहिला, १९६० च्या दशकांतला दुसरा, आणि सर्वांच्या भिंतीवर प्रमाणपत्र एकाच नांवाचें. शाखाभेद झाला, पण शाखांना नांवें पडलीं नाहींत.

त्याच काळीं बुडापेस्ट येथें दुसरी एक परंपरा उभी राहिली, तिची तऱ्हा याच्या अगदीं उलट. आंद्राश पेटो (१८९३–१९६७) या वैद्यानें १९४५ पासून अशा मुलांना घेऊन काम सुरू केलें. १९५० त सरकारनें त्यास संस्था काढून दिली. त्यानें आपल्या पद्धतीविषयीं फारसें लिहूनच ठेविलें नाहीं. जें लिहिलें गेलें तें बहुतेक त्याच्या पश्चात्, शिष्या मारिया हारी यांच्याकडून. त्याच्या मतें मूल हा रोगी नव्हे, विद्यार्थी; म्हणून व्यायाम एकाकडे, अक्षरओळख दुसऱ्याकडे व जेवूखाऊ घालणें तिसऱ्याकडे, अशी वांटणी न करतां एकाच शिक्षकानें सर्व करावें. त्या शिक्षकास 'कंडक्टर' म्हणत व त्याचें शिक्षण आठ आठवड्यांचें नव्हे, चार वर्षांचें असे. मुलें गटानें, फळ्यांच्या बांकांवर व शिडीसारख्या पाठीच्या खुर्च्यांना धरून काम करीत. करावयाची क्रिया मोठ्यानें बोलून, पांचपर्यंत आंकडे म्हणत, त्या तालावर ती पुरी करीत. हें वाचतांना शुक्ल यजुर्वेदाच्या पाठशाळेंतील, स्वरागणिक हात हालविणाऱ्या बटूंची आम्हांस आठवण झाली. वाणी व हात यांची सांगड घालण्याची युक्ति फार जुनी आहे. १९८६ सालीं बी. बी. सी. नें दाखविलेल्या एका चित्रपटानंतर इंग्लंडांतील शेंकडों आईबाप मुलांस घेऊन बुडापेस्टास गेले. पुढें बर्मिंगहॅम येथें करण्यांत आलेल्या तुलनेंत ही पद्धति नेहमींच्या शाळांतील उपचाराहून सरस असल्याचें दिसून आलें नाहीं. तथापि चार वर्षें शिकविण्याची जी शिस्त पेटोनें घातली, तिचा विचार यापेक्षां अधिक व्हावयास हवा होता, असें आमचें मत आहे.

आतां मुख्य वादाकडे येतों. हातांच्या या विद्येनें मुलें खरोखर सुधारतात काय, हें तपासावें कसें? १९८८ सालीं अमेरिकेंत एका प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. दोन्ही पाय ताठ असलेलीं, १२ ते १९ महिन्यांचीं ४८ बालकें चिठ्ठ्या टाकावयाच्या न्यायानें दोन गटांत विभागलीं. एका गटास बारा महिने बोबाथ वळणाची फिजिओथेरपी दिली. दुसऱ्यास पहिले सहा महिने खेळ, वस्तु व बोलणें यांतून सर्वांगीण चालना देणारा क्रम, व नंतरचे सहा महिने तीच फिजिओथेरपी. वर्षाअखेर पहिल्या गटांतील शेंकडा ३५ मुलें चालूं लागलीं होतीं, दुसऱ्यांतील शेंकडा ७३. २००१ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञांच्या मंडळानें सर्व उपलब्ध पुरावा एकत्र करून, या पद्धतीनें सांधे आंखडणें थांबतें किंवा हालचालींची वाढ अधिक नीट होते याला सुसंगत आधार नाहीं, असा निर्णय दिला. २०१३ त ऑस्ट्रेलियांतील आयोना नोव्हाक व त्यांचे सहकारी यांनीं ६४ उपचारांचा आढावा घेऊन त्यांना रस्त्यावरील दिव्यांप्रमाणें हिरवा, पिवळा, तांबडा असे रंग दिले. मुलानें स्वतः, खऱ्या कामांत, ठरविलेल्या ध्येयासाठीं पुनःपुन्हां केलेला सराव हिरव्यांत बसला; चांगला हात बांधून दुबळ्या हाताकडून काम करवून घेणें व घरीं आईबापांनीं नेमानें करावयाचा सराव हेहि हिरव्यांत आले. बोबाथांच्या नांवाची जुनी पद्धति तांबड्याकडे गेली.

यावर परंपरेंतील लोकांनीं आक्षेप घेतला: तुम्हीं तपासलात तो जुना पाठ, आम्ही आज तसें करीतच नाहीं. आक्षेप अर्धा खरा आहे. कोणत्या उपचारकानें कोणत्या मुलाच्या अंगाला कोठें हात लावला व किती वेळ, हें बहुतेक प्रयोगांत नोंदलेलें नाहीं. एका नांवाखालीं चार पाठ असतां एकाचें खंडन चौघांचें होत नाहीं. परंतु जो पाठ कोठेंच लिहिलेला नाहीं त्याचें खंडन होत नाहीं तसें मंडनहि होत नाहीं. पोथी दाखवावयाची नाहीं व प्रतिपक्ष्यास मात्र पाठ चुकला म्हणावयाचें, हा वाद आपल्याकडेहि परिचयाचा आहे आणि तो प्रामाणिक नव्हे. पन्नास वर्षें मुलें सतरंजीवर पडून होतीं, त्या पन्नास वर्षांत हा लेखा ठेवावयास हवा होता. उपचारकांच्या हातांत कांहींच नव्हतें, असें मात्र या निर्णयांवरून काढूं नये. ताठलेलें मूल न रडवितां उचलणें, घास गिळतांना त्याची मान सांवरणें, हें अजून त्याच हातांकडून शिकावें लागतें. पडली ती उपपत्ति. आणि ती पडतांना हातहि टाकून देण्याची घाई कित्येक नव्या अभ्यासक्रमांत दिसते, तिला आम्ही अनुकूल नाहीं.

इंद्रियांनीं शिकावयाची विद्या तपासतांच येत नाहीं, हें म्हणणेंहि टिकत नाहीं. ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथील हाइन्झ प्रेख्टल यांनीं तीनचार महिन्यांच्या तान्ह्या मुलांच्या आपोआप होणाऱ्या बारीक, चुळबुळत्या हालचाली नुसत्या डोळ्यांनीं पाहून पुढील निदान करण्याची विद्या बसविली. ती शिकविण्याची रीतहि डोळ्यांचीच: चित्रफिती पुनःपुन्हां पाहावयाच्या, एकूण आकृतीवरून निर्णय द्यावयाचा, व शेवटीं नव्या फितींवर परीक्षा. फरक इतकाच कीं, येथें प्रत्येक निर्णय लिहून ठेवीत व मूल मोठें झाल्यावर पडताळीत. १९९७ सालीं १३० बालकांचा जो वृत्तांत आला, त्यांत ज्या ६० जणांत ही चुळबुळ नव्हती किंवा विकृत होती त्यांपैकीं ५७ जणांत पुढें मज्जासंस्थेचा दोष निश्चित झाला. डोळ्यांच्या परंपरेनें आपली रोजनिशी ठेविली, हातांच्या परंपरेनें ठेविली नाहीं.

आपल्याकडे या विद्येचें आगमन मुंबईच्या वाटेनें झालें. जन्मानें अमेरिकन, पूर्वाश्रमींच्या एलिझाबेथ लंडी व विवाहानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांनीं १९५० सालीं के. ई. एम. रुग्णालयांत व्यवसायोपचाराची शाळा काढली. आशियांतील ती पहिली मानतात. १९५५ त हाजी अली येथें केंद्र सरकारची पुनर्वसनसंस्था निघाली. १९७२ सालीं मिठू अलूर यांनीं, स्वतःच्या मुलीस ही व्याधि असल्यामुळें, मुंबईस स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. १९७४ त कलकत्त्यास तसेंच केंद्र उघडलें. बोबाथ वळणाचे अभ्यासक्रमहि मागाहून येथें चालले.

ही विद्या येथें आली ती खुर्ची व टेबल यांच्या देशांतून. येथील मूल जमिनीवर वाढतें. त्यास पाटावर मांडी घालून बसावयाचें असतें, मोरीपाशीं उकिडवें बसावयाचें असतें, उंबरा ओलांडावयाचा असतो. खुर्चीवरून उठावयास शिकलेला पण पंगतींत बसतां न येणारा मुलगा त्याच्या घरच्यांच्या दृष्टीनें कांहींच शिकला नाहीं. उलट कांहीं गोष्टी येथें आयत्याच होत्या. बोबाथांच्या शिष्यशाखेंतील नॅन्सी फिनी यांनीं १९६८ सालीं आईबापांसाठीं, रेखाचित्रें घालून, मुलास उचलणें, न्हाऊ घालणें, कपडे चढविणें यांचें एक पुस्तक लिहिलें. हात ग्रंथांत उतरविण्याचा तो या परंपरेंतील सर्वांत यशस्वी यत्न, असें आम्ही समजतों. अशा पुस्तकांतून व वर्गांतून, पाय आंवळणाऱ्या मुलास पाय फांकवून कडेवर घ्यावें, असें आईस शिकवितात. मराठी आई मुलास दुसऱ्या कोणत्या रीतीनें घेते? तसेंच तान्ह्या मुलास पसरलेल्या पायांवर पालथें घालून न्हाऊ घालणारी बाई मुलाचें अंग कसें जोखते, मान कशी सांवरते, हें कोणीं तपशीलवार लिहून ठेविल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. त्या बायकाहि आतां दुर्मिळ होत चालल्या आहेत.

म्हणून संग्राहकांस एक विनंति आहे. मुंबई, पुणें व नागपूर येथें १९५० नंतर शिकलेल्या उपचारकांच्या घरीं वर्गांतील वह्या, हातानें काढलेलीं रेखाटनें, मुलांचीं तपासणीपत्रकें व चित्रफिती पडून असण्याचा बराच संभव आहे. जुन्या फिती बुरशीनें जातात. वह्या घर बदलतांना रद्दींत जातात. एकाच शिक्षकाच्या वर्गांतील दोन निरनिराळ्या वर्षांच्या वह्या मिळाल्या, तर पाठ केव्हां बदलला हें मितीनिशीं सांगतां येईल. ज्यांच्या पाहण्यांत असें कांहीं येईल त्यांनीं वहीवर नांव नसलें तरी ती टाकूं नये. वर्गाचें ठिकाण, साल व शिकविणाराचें नांव मालकास विचारून पहिल्या पानावर पेन्सिलीनें टिपून ठेवावें. तपासणीपत्रकांच्या नकला घेतांना मुलांचीं नांवें मात्र झांकून घ्यावीं. त्यांतील पुष्कळ मुलें आज प्रौढ वयाचीं आहेत.